आठव आणि विसर : भक्तिवाङ्मयातील उपकारस्मृतीचा प्रश्न

श्रद्धेचा शत्रू संशय, असे आपण सहसा गृहीत धरतो. परंतु आपल्या संतांच्या वाणीकडे लक्षपूर्वक पाहिले, तर संशयाचे त्यांना फारसे भय वाटत होते असे दिसत नाही. संशय ते उघडपणे बोलून दाखवितात. देवाशी भांडतात, त्याच्या ब्रीदाची त्याला आठवण देऊन त्याला लाजवितात. ज्याचे त्यांना खरोखर भय वाटते तो विसर होय. संशय घेणाऱ्याला आपण संशय घेत आहोत हे ठाऊक असते. विसरलेल्याला मात्र आपण काय विसरलो हेच ठाऊक नसते. म्हणून संशयाला उत्तर देता येते, विसराला देता येत नाही. देवाने पूर्वी केलेल्या उपकाराचा विसर पडला म्हणजे श्रद्धेचे नेमके काय होते, या प्रश्नाचा विचार मराठी वाङ्मयाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत 'मला आठवते' असे म्हणतात, पण 'मी विसरलो' असे म्हणतात. आठवणे हे आपल्यापाशी चालत येते. विसरणे मात्र आपण करतो. व्याकरणाने विसराचे कर्तृत्व माणसाकडे दिले आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. हिंदीची रीतही हीच आणि छत्तीसगढीचीही. येथे रायपूरच्या गुढियारीत बाजारात सहज कानी पडणारा 'सुरता' हा शब्द घ्या. 'मोला सुरता आथे' म्हणजे मला आठवण येते. या शब्दाची व्युत्पत्ती काही अभ्यासक 'स्मृति'पासून लावतात, तर काही ती 'सु-रति'शी जोडतात. कबीरपंथाच्या परिभाषेतील 'सुरति'विषयीही हाच वाद आहे. तो येथे सोडविण्याचे कारण नाही. आठवण आणि प्रीती यांपैकी कोणती मूळ, हे एका जिवंत शब्दाकडे पाहूनही निश्चित सांगता येत नाही, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

भक्तिमार्गाचा सारा खटाटोप 'मला आठवते' या वाक्याचे 'मी आठवितो' असे रूपांतर करण्याचा आहे. 'दासबोधा'च्या चौथ्या दशकात समर्थांनी नवविधा भक्तीचे निरूपण केले आहे, आणि त्यांतील तिसरी भक्ती स्मरण ही होय. तेथे त्यांचा कटाक्ष स्मरणाच्या सातत्यावर आहे; सुखदुःखाच्या लाटांवर ते सोडून देऊ नये, असे त्यांचे सांगणे आहे. याच रायपूरशी ज्यांचे आयुष्य निगडित होते ते माधवराव सप्रे यांनी 'दासबोध' हिंदीत नेला आणि 'गीतारहस्य'ही नेले. अनुवादक म्हणून त्यांच्या कामाचा आदर वाटतो तो यासाठी, की उत्तर भारतातील वाचकाला मराठी स्मरणपरंपरेचे असे सविस्तर दर्शन त्यांनी घडविले.

परंतु नामाचे स्मरण आणि उपकाराचे स्मरण या दोन गोष्टी सर्वस्वी एक नव्हेत. नाम कालातीत असते. उपकार अमुक दिवशी, अमुक संकटात झालेला असतो. भागवताच्या प्रथम स्कंधात, युद्ध संपल्यानंतर द्वारकेस निघालेल्या कृष्णाला कुंती आपली सारी संकटे एकेक करून सांगते : विष, अग्नी, नरभक्षक राक्षस, द्यूतसभा, वनवास, अखेर अश्वत्थाम्याचे अस्त्र. प्रत्येक संकटातून सुटका झाली, म्हणून ती यादी कृतज्ञतेची आहे. आणि मग ती मागते काय, तर पुन्हा संकटेच. राज्य मिळाले, आता विसर पडेल, हे तिने ओळखले आहे.

हेच निदान अगदी वेगळ्या परंपरेत, यहुद्यांच्या धर्मग्रंथातही आढळते. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्रायल लोक, समुद्र दुभंगून वाट मिळालेली असताना, थोड्याच दिवसांत रानात सोन्याचे वासरू पुजू लागतात. अठ्ठ्याहत्तरावे स्तोत्र म्हणजे या विसराचा दीर्घ इतिहासच आहे. अनुवाद या ग्रंथात मोशेचा इशारा कुंतीच्या भयासारखाच आहे : रानात उपाशी असताना नव्हे, तर पोटभर जेवून चांगल्या घरांत राहू लागाल तेव्हा विसराल. ही जुन्या कराराची कथा मराठीला नवी नाही. फादर स्टीफन्सने 1616 साली गोव्यात प्रसिद्ध केलेल्या 'क्रिस्तपुराणा'चा पहिला भाग जुन्या कराराचीच कथा मराठी ओवीत सांगतो.

आता आपल्या अभंगांतील यादीकडे वळू. प्रल्हाद, ध्रुव, गजेंद्र, द्रौपदी, अजामिळ : नामदेवांपासून तुकोबांपर्यंत ही नामावळी पुनःपुन्हा येते. तिचे कार्य वकिलीचे आहे. पूर्वी तू यांच्यासाठी धावलास, मग माझ्यासाठी का नाही, हा दावा. आणि पूर्वीचे उपकार हा त्या दाव्याचा पुरावा. मात्र पुढील काळातील कित्येक पद्यकारांच्या हाती ही यादी निव्वळ संकेत होऊन बसली. गजेंद्राचे नाव घेतले म्हणजे मगरीच्या जबड्यातील पाय कोणाला जाणवतच नाही. यमक जुळते, टाळी वाजते. पाठ झालेले स्मरण हा विसराचाच एक प्रकार आहे, आणि तो अधिक फसवा आहे, कारण त्याच्या ओठांवर स्मरणाचेच शब्द असतात. आपल्या समीक्षेने या रचनांना 'परंपरेचे सातत्य' म्हणून जे अभय दिले आहे ते मला मान्य नाही.

तुकोबांचे वेगळेपण येथे आहे. त्यांनी यादीत स्वतःचे आयुष्य घातले. 1630च्या सुमारासचा दुष्काळ, बुडालेला व्यापार, अन्नावाचून गेलेली पहिली पत्नी, लोकांत झालेली मानहानी, हे सारे त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांत आहे. आणि या आपत्तींनाच ते देवाचा उपकार म्हणतात, कारण त्यांनीच आपल्याला त्याच्याकडे वळविले. कुंतीच्या मागण्याची ही मराठी परिणती होय. पण असा उद्गार ज्याने सोसले त्यानेच काढावा. दुसऱ्याच्या उपासमारीला ईश्वरी कृपा म्हणणे हे स्मरण नव्हे, निर्दयता आहे. खुद्द तुकोबांनी इतरांच्या बाबतीत काय केले ते परंपरा सांगते : देणेकऱ्यांची खते त्यांनी इंद्रायणीत टाकली.

दुष्काळ आणि स्मरण यांची हीच गाठ पुढे अडीचशे वर्षांनी पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) आयुष्यात पडलेली दिसते, आणि प्रस्तुत प्रश्नाला त्यांच्याइतका भेदक पुरावा आधुनिक काळात दुसरा मला दिसत नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थाटन करीत पुराणे सांगत हिंडत. दुष्काळ आला तेव्हा जवळचे होते ते दानधर्म आणि अनुष्ठाने यांत संपलेले होते. 1874 साली वडील गेले, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण. रमाबाई आणि त्यांचे बंधू मैलोगणती पायी चालत राहिले आणि 1878 साली कलकत्त्यास पोहोचले. तोवर जुना विश्वास गळून पडला होता.

1907 साली, ख्रिस्ती झाल्यास जवळजवळ पाव शतक उलटल्यावर, आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी हा काळ सांगितला आहे. त्यात वडिलांच्या अंतसमयीचा एक प्रसंग आहे. तू देवाची आहेस, त्याचीच सेवा कर, हे लक्षात ठेव, असे त्यांनी लेकीला जवळ घेऊन सांगितले. वडिलांच्या मनातील देव आणि रमाबाईंनी पुढे स्वीकारलेला देव हे निराळे. तरीही आपल्या वडिलांची ती प्रार्थना ऐकली गेली असे त्या मानतात. म्हणजे उपकार घडला तेव्हा तो उपकार म्हणून कळलेलाच नव्हता. तेहतीस वर्षांनी मागे वळून पाहताना तो कळला. आणि असे कळताना त्यांनी भूक लपविली नाही. आईबाप उपाशी मेले ही गोष्ट सोयीची करून घेण्याचा मोह त्यांना झालेला दिसत नाही. तुकोबा दुष्काळालाच कृपा म्हणतात. रमाबाई दुष्काळाला दुष्काळच म्हणतात आणि कृपा दुसरीकडे पाहतात. या दोन भूमिकांत तडजोड करण्याचे कारण नाही.

या स्मृतीचे पुढे काय झाले, हे अधिक महत्त्वाचे. 1896–97 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रायपूर आणि सारा छत्तीसगढ त्या काळी याच प्रांतात मोडत असे. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आपल्या आश्रयाला आणले. केडगावचे मुक्तिसदन यातून उभे राहिले.

रमाबाईंनी पुढे ज्या हिब्रू भाषेतून बायबलचा मराठी अनुवाद केला तिच्यात 'झाखर' असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ आठवणे. पण हे आठवणे मनात थांबत नाही. देव नोहाला आठवतो आणि पाणी ओसरू लागते. हन्नेला आठवतो आणि तिला पुत्र होतो. माणसासाठीही तोच नियम. तुम्ही मिसरात दास होता हे आठवा, असे सांगून अनुवाद ग्रंथ लगेच म्हणतो की शेतात राहून गेलेली पेंढी परक्यासाठी, पोरक्यासाठी, विधवेसाठी तशीच राहू द्या. उपकाराचा विसर पडल्यावर माणूस नास्तिकच होतो असे नाही. तो पूजा चालू ठेवतो, स्तोत्रे म्हणतो. फक्त पेंढी उचलून घरी नेतो. श्रद्धेवर विसराचा परिणाम शोधावयाचा तो या पेंढीपाशी. मतांची उलथापालथ तेथे सापडेलच असे नाही.

मराठीत या 'झाखर'साठी 'आठवणे' अपुरे पडते. 'आठवण ठेवणे' किंवा 'आठवण करणे' त्याच्या अधिक जवळ जातात, कारण त्यांत कर्ता कामाला लागलेला असतो. हिंदीत 'सुधि लेना' हा जुना प्रयोग याहून सरस आहे. त्यात आठवण आणि विचारपूस एकत्र येतात. रमाबाईंना हा अनुवाद पुरा करण्यास आयुष्याची अखेरची वर्षे लागली. तो संपूर्ण ग्रंथ 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बाहेर पडला, आणि तो छापला गेला केडगावच्याच छापखान्यात, मुक्तिसदनातील स्त्रियांच्या हातून.