साडेचार मिलिमीटरने बेकायदा

ऑस्ट्रेलियात टोयोटा हायलक्स बाळगणाऱ्या अनेकांचा टायरच्या एका मापावर डोळा असतो : 285/70 आर 17. बोलीत ‘तेहतीस इंची’. गाडीला रुबाब आणणारा हा टायर कायद्यात मात्र बसत नाही. हायलक्सच्या बऱ्याच मॉडेलांना कंपनी 265/65 आर 17 देते. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. हिशेब केला तर मूळ टायरचा व्यास सुमारे 776 मिमी निघतो, नव्याचा 831. फरक साडेचौपन्न, मुभा पन्नासची!

ही मुभा दिली आहे ‘व्हीएसबी 14’ या तिथल्या राष्ट्रीय संहितेने. त्या मॉडेलसाठी कंपनीने ठरवून दिलेला सर्वांत मोठा टायर पायाभूत धरायचा आणि फोर-व्हील ड्राइव्हचा व्यास त्याहून 50 मिमीपर्यंत वाढवायचा. साध्या मोटारीला मात्र 15 मिमीच. मूळ माप दाराजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं, त्यामुळे वादाला फारशी जागा उरत नाही.

उंचीचा हिशेब वेगळा. न्यू साऊथ वेल्समध्ये गाडी एकूण 75 मिमीपर्यंत प्रमाणपत्राशिवाय उचलता येते : 50 सस्पेन्शनमधून, 25 टायरमधून. व्यास पन्नासने वाढला तरी गाडी वर येते त्याच्या निम्मीच, म्हणून पंचवीस. पंचाहत्तरच्या पुढे दीडशेपर्यंत जायचं तर मान्यताप्राप्त परीक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. इतर राज्यांचे नियम याहून थोडे वेगळे असू शकतात.

गंमत अशी, की सस्पेन्शन उचलणारं लिफ्ट किट बसवणाऱ्यांना हवी असते ती पोटाखालची मोकळी जागा बऱ्याचदा किटमधून मिळतच नाही. लांब स्प्रिंगांमुळे चॅसी आणि बॉडी वर जाते, पण मागच्या अखंड ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. दगडावर आपटतो तो बहुधा हाच गोळा, आणि तो वर येतो फक्त मोठ्या टायरने. उलट किटमुळे गुरुत्वमध्य वर सरकतो, ड्राइव्ह शाफ्टचे कोन बिघडतात, ब्रेकचे होज ताणले जातात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मोठ्या टायरसाठीही किंमत मोजावी लागतेच. वरच्या उदाहरणात काट्याच्या त्याच आकड्याला गाडी आधीपेक्षा सात टक्के जोरात धावते. मोठं, जड चाक थांबवायला ब्रेकही अधिक जोरात लावावे लागतात.

आपल्याकडे नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी थार सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर सर्रास दिसते, आणि तिला उचलून देणारी गॅरेजंही शोधावी लागत नाहीत. कायदा मात्र मिलिमीटरची भाषा बोलतच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं आणि केरळ उच्च न्यायालयाचा बदलांना मोकळीक देणारा निकाल रद्द केला. सीएनजी किटसारख्या इंधनबदलाला कायद्यातच वाट ठेवली आहे. हौसेच्या लिफ्ट किटसाठी तशी वाट नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182 अ नव्या रूपात आलं. नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. किट आणि टायर वेगवेगळे मोजले, तर दहा हजार.

ऑस्ट्रेलियाची पद्धत अधिक शहाणपणाची वाटते. आकडा हातात असला की मालक दुकानातच हिशेब करू शकतो. आपल्याकडे कुठला बदल खपेल आणि कुठला नाही, हे रस्त्यावर अडवणाऱ्याच्या नजरेवर राहतं, आणि अशा ठिकाणी काय होतं ते वाचकांना सांगायला नको.

असे आकडे आपल्याकडे येईपर्यंत थारच्या मालकाने एवढं करावं : त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनी स्वतः जो टायर देते, तिथेच थांबावं. भारांक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, हे दुकानातच तपासावं. आणि कुठलाही बदल करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारावं, कारण अपघातानंतर दावा तपासायला येणारा सर्व्हेअर गाडी मूळ मापांशी ताडून पाहू शकतो.