‘वीस रुपये मिळाले!’ कोण बोललं?

दादरच्या भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुड्यांआडून येणारा हा आवाज साउंडबॉक्सचा. यूपीआय 2016मध्ये आलं, हे बोलके डबे त्यानंतर काही वर्षांनी. डब्याचा गिऱ्हाइकाच्या फोनशी थेट संबंध नसतो. त्याच्या पोटात स्वतःचं सिमकार्ड आणि बॅटरी असते. पैसे विक्रेत्याच्या नावे जमा झाल्याचा निरोप पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून आला, की मगच तो तोंड उघडतो. त्यामुळे जुना स्क्रीनशॉट नाचवून पिशवी उचलणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली. ओल्या हातांनी जुड्या बांधणाऱ्या मावशींना मेसेज उघडून बघावा लागत नाही, ही खरी सोय. अर्थात डबा फुकट नाही. अनेक कंपन्या त्याचं दरमहा भाडं कापतात. नेटवर्क रेंगाळलं तर तो उशिरा बोलतो, म्हणून डबा गप्प राहिला की गिऱ्हाइकावर लगेच डाफरू नये.

दुकानदारांनी आपला क्यूआर कोड मात्र रोज सकाळी निरखावा. त्यावर दुसराच कोड चिकटवण्याचे प्रकार घडतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर 1930 या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा.