वाऱ्याच्या रानात केळी कोणती लावावी?



उसाचा खोडवा मोडून फेरपालटाला केळी घेणारे बरेच सभासद आहेत. लागणीआधी ते शेतकी खात्यात येतात तेव्हा पहिला प्रश्न भावाचा असतो. वाऱ्याचे कोणी विचारीत नाही. ऊस वाऱ्याने लोळला तर वजन घटते, उतारा कमी येतो, तोडणीवाले कुरकुर करतात. तरी तो गाळपाला येतोच. केळीचे तसे नाही. अर्धा भरलेला घड घेऊन झाड आडवे झाले की व्यापारी त्याकडे ढुंकून बघत नाही, आणि वर्षाचा खर्च रानातच राहतो.

केळीचे खोड हे खरे खोडच नव्हे. पानांचे देठ एकात एक गुंडाळून तो दांडा झालेला असतो. त्यात लाकूड नाही, पाणीच फार. खरे खोड म्हणजे जमिनीतला गड्डा, आणि मुळ्या बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात. अशा दांड्यावर पंचवीस किलोचा घड एका बाजूला लटकतो आणि वर पाने शिडासारखी वारा धरतात. झाड जितके उंच तितका बुडावर ताण जास्त. म्हणून जात निवडताना आधी उंची पाहावी.

बसराई सर्वांत ठेंगणी, पाच ते सहा फूट. वाऱ्याला हीच उत्तम टिकते. तिचा दोष एवढाच की कडक थंडीत निसवली तर घड पोंग्यात अडकतो. ग्रँड नैन, म्हणजे आपली जी-९, साडेसहा-सात फुटांवर जाते. या फ्रेंच नावाचा अर्थच ‘मोठी ठेंगणी’ असा आहे. घड मोठा, फण्या सरळ, बाजारात मागणी. त्यामुळे आज सगळे तीच लावतात. रोबस्टा त्याहून उंच, तिला टेकू लागतोच. लाल केळ आणि कोकणातली राजेळी परसात घराच्या आडोशाला शोभतात, उघड्या माळावर लावू नयेत.

आमचे मत विचाराल तर असे: तिन्ही बाजूंनी उघडे, चढावरचे रान असेल आणि कुंपणाला हिरवा आडोसा करणे जमणार नसेल, तर बसराई घ्यावी. आडोसा करायची तयारी असेल तर जी-९ खुशाल लावावी.

आता महिन्यांचा हिशेब. जूनमध्ये लावलेली जी-९ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निसवते आणि मे-जूनमध्ये कापणीला येते. म्हणजे घड सर्वांत जड असतो नेमका वळवाच्या वाऱ्यात! त्यातून ऊतिसंवर्धित रोपांची बाग एकदमच निसवते. वाचली तर सगळी वाचते, गेली तर सगळी जाते. कांदेबाग ऑक्टोबरात लावली तर वळवात झाडावर घड नसतो. पाने फाटतात, पण झाड बहुधा तग धरते.

इथे उसाचा उपयोग होतो. पुष्कळ जण म्हणतात, “शेजारी ऊस आहे की, आडोसा कशाला?” पण कोणता ऊस? खोडव्याची तोड डिसेंबर-जानेवारीत झाली असेल तर मेमध्ये तो कमरेएवढा. सुरू लागण तर त्याहून लहान. मृगाच्या केळीला खरा आडोसा जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या आडसालीचा. मेमध्ये ती नऊ-दहा महिन्यांची, पुरुषभर उंचीच्या वर गेलेली असते. लागणीचा आराखडा करताना ही दोन पिके शेजारी बसवावीत. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, पण वळीव कोणत्याही बाजूने उठतो; तेव्हा उरलेल्या कडांना केळीबरोबरच शेवरीच्या दोन ओळी टोकाव्यात. जळगावकडचे बागाईतदार शेवरी लावतात ते उगीच नाही. आडोसा थोडा विरळच बरा. भक्कम भिंतीवरून आलेला वारा पलीकडे भोवरा करून पडतो, शेवरीतून गाळून आलेला मंदावतो.

रोपे घेताना उंच, लांबट, पिवळसर रोप मोठे दिसते म्हणून उचलू नये. बुंधा जाड असलेले, पाच-सहा निरोगी पानांचे, फूट-सव्वा फुटाचे रोप घ्यावे. कंद लावायचा असेल तर तलवारीसारख्या अरुंद पानांच्या मुनव्याचा, अर्धा ते पाऊण किलोचा. रुंद पानांचा पाणमुनवा दिसायला टवटवीत, पण गड्डा कमजोर. दाट लागण केली की झाडे उजेडासाठी चढाओढ करून उंच आणि किरकोळ होतात. बसराईला पाच बाय पाच फूट चालते, जी-९ला सहा बाय पाचपेक्षा कमी नको. नुसता युरिया ओतल्यास झाड लुसलुशीत होते. पालाश वेळेवर द्यावे, बुडाला माती लावावी.

निसवल्यावर घड ज्या बाजूला झुकला असेल तिकडून दोन बांबूंची कैची द्यावी, किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने समोरच्या झाडाच्या बुडाला बांधावे. आभाळ भरून आले असेल त्या दिवशी पाणी देऊ नये. भिजलेल्या मातीत मुळ्या सुटतात. पाने थोडी फाटली तर घाबरू नये, चिंध्या झाल्या तरच घड नीट भरत नाही. अर्थात 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले तसे निसर्ग चक्रीवादळ आले, तर कोणत्याच जातीचा इलाज नाही. त्यासाठी फळपीक विमा काढून ठेवावा आणि भरण्याची मुदत कृषी कार्यालयात आधीच विचारावी.

खोडव्याच्या केळीत गड्डा वर वर सरकत येतो, त्यामुळे ती मुळासकट लवकर उपटते. पील राखताना जमिनीत खोलवरून निघालेलेच राखावे, बाकीचे कापावे आणि पुन्हा भर द्यावी. ज्या रानाला शेवरीही नाही आणि आडसालीही नाही, तिथे खोडवा धरूच नये.