‘स्वॉट अप’ : अर्थ आणि उपयोग

परीक्षा तोंडावर आली की थोड्या वेळात कसून अभ्यास करून विषय तयार करणे, याला इंग्रजीत ‘स्वॉट अप’ म्हणतात. ‘आय मस्ट स्वॉट अप ऑन मॅप रीडिंग’ हे त्याचे उदाहरण. विषयाच्या आधी बहुधा ‘ऑन’ येतो. आपल्याकडचे ‘मग अप’ जवळचेच, पण त्यात घोकंपट्टी जास्त. इथे चेन्नईत माझे तमिळ मित्र पाठांतराला ‘मनप्पाडम’ म्हणतात.

गंमत म्हणजे ‘स्वॉट’ हे ‘स्वेट’चे, म्हणजे घामाचेच रूप आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयातून ते रूढ झाले, असे सांगतात. म्हणजे शब्द आपल्या कॅडेटांचाच!

मागच्या सत्रात मी नकाशावाचन एका रात्रीत ‘स्वॉट अप’ केले. लेखी परीक्षेत चांगले गुण मिळाले. पंधरा दिवसांनी मैदानावर होकायंत्र माझ्या हाती आले. आम्ही 70 अंशांवर गेलो होतो. परतीसाठी त्यात 180 मिळवून 250 अंश धरायला हवे होते. मी 360 मधून 70 वजा केले आणि 290 सांगितले. माझ्यामागे नऊ जण भर उन्हात चुकीच्या दिशेने चालले. उस्तादांनी थांबवले, तेव्हा कोणी मला काही बोलले नाही. तेच जास्त लागले.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आजी म्हणते. आता मी रोज पंधरा मिनिटे नकाशा घेऊन बसतो. ‘स्वॉट अप’ फक्त उजळणीपुरते.