निकालाची प्रत कुणाकडे असते?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसीलमध्ये अर्ज घेऊन गेलेल्या घटस्फोटित बाईकडे एक कागद मागितला जातोच : न्यायालयाच्या निकालाची प्रत. दरमहा दीड हजार रुपयांची ही मदत आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे अशी अट असल्याने अर्जदार बाई कोणत्या परिस्थितीतली असेल, हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ची ई-केवायसी सुरू झाली, त्यातही घटस्फोटित बायकांकडून हाच कागद मागितला गेला. कागद कुठे आहे असे विचारले, की बहुधा उत्तर येते, ‘तो वकीलसाहेबांकडं असंल.’

कायद्याने मात्र तो तिच्या हातात असायला हवा, तोही एक पैसा न देता. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची असते. पोटगीचा आदेश ज्याच्या बाजूने झाला त्यालाही त्याची प्रत फुकट मिळण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, आणि ती २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कायम आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचे कलम २४ हेच सांगते. तीन-तीन कायदे प्रत फुकट द्या म्हणतात, आणि बाई मात्र काही वर्षांनी नक्कल विभागासमोर तिकीट लावलेला अर्ज घेऊन उभी असते.

याचे कारण साधे आहे. निकालाच्या दिवशी बाई सुटकेच्या किंवा रडण्याच्या मनःस्थितीत असते, प्रत मागून घेण्याच्या नव्हे. पुढची कामे वकिलाच्या कारकुनाकडे जातात, प्रत आली तर त्याच्या फाइलला लागते. बाई तोवर कन्नडच्या माहेरातून वाळूजच्या भाड्याच्या खोलीत आलेली असते आणि तिचा फोन नंबरही बदललेला असतो. यात कुणाची लबाडी असतेच असे नाही. पण निकाल तिच्या आयुष्याचा असताना त्याची प्रत तिने स्वतः सही करून घ्यावी, असा आग्रह कुणीच धरत नाही, आणि माझा आक्षेप तेवढ्यापुरताच आहे.

आता शोध. कौटुंबिक न्यायालये अधिनियम १९८४ चा. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे आणि मुंबईला ही न्यायालये सुरू झाली, नंतर आपल्या छत्रपती संभाजीनगरलाही (तेव्हाचे औरंगाबाद) मिळाले. या न्यायालयांत प्रकरणाच्या क्रमांकाआधी एक अक्षर असते आणि शोधाची किल्ली तेच. घटस्फोट, विवाह रद्दबातल ठरवणे, नांदायला येण्याचा दावा अशांना ‘ए’. मुलांच्या ताब्याला ‘डी’. पोटगीच्या अर्जाला ‘ई’. परस्पर संमतीच्या घटस्फोटाला ‘एफ’. एकाच जोडप्याची ‘ए’, ‘डी’ आणि ‘ई’ अशी तीन प्रकरणे एकाच वेळी चाललेली असू शकतात, आणि बाईच्या लक्षात राहते ती ‘केस’, एकच. ती पोटगीचा क्रमांक घेऊन जाते आणि घटस्फोटाची नक्कल मागते. समोरचा कारकून ‘असे प्रकरण नाही’ म्हणतो, आणि त्याच्यापुरते ते खरेही असते.

दुसरी अडचण न्यायालय कोणते, ही. तालुक्याच्या ठिकाणी चाललेला विवाहाचा दावा दिवाणी न्यायालयाच्या वरिष्ठ स्तराकडे असतो आणि त्यावर ‘हिंदू मॅरेज पिटिशन’चा, म्हणजे एच.एम.पी.चा क्रमांक पडतो. पोटगीचा अर्ज तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो. शिवाय कौटुंबिक न्यायालय स्थापन होताच त्या क्षेत्रातली चालू प्रकरणे त्याच्याकडे वर्ग होतील, असे १९८४ च्या कायद्याचे कलम ८ म्हणते. त्यामुळे त्या उंबरठ्यावरच्या जुन्या प्रकरणांना दोन जन्मतारखा असतात : एक अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयाच्या नोंदवहीत, दुसरी नव्या न्यायालयाच्या. अलीकडच्या प्रकरणांना सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो हाती असेल तर शोध मिनिटांत संपतो. नसेल तर दोघांची नावे, साल आणि चिकाटी एवढाच आधार. लग्नानंतर नाव बदललेले असेल तर चिकाटी थोडी जास्त लागते.

नक्कल मिळाली की शेवटचे पान आधी वाचावे. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा तिथे असतात आणि त्या शोभेच्या नाहीत. नक्कल तयार व्हायला लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो, मुदत अधिनियमाच्या कलम १२ नुसार. मुळात ही मुदत किती, यावरच घोळ होता. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा ३० दिवस म्हणतो, तर हिंदू विवाह अधिनियम २००३ च्या दुरुस्तीनंतर ९० दिवस. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ९० दिवस धरायचे असे ठरवले. अपिलाची मुदत संपण्याआधी दुसरे लग्न करू नये, ही समज वकील देतात. पण तारीख मोजायला कागद हवा ना!

हे कागद तिसऱ्या माणसाला सहज मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून पाहणारे बरेच असतात. न्यायालयाच्या कागदांच्या प्रती न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २२ तर अशी सुनावणी बंद दाराआड ठेवते आणि तिचा मजकूर छापायला मनाई करते. मोडणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड. रखमाबाईंच्या काळात असा आडोसा नव्हता. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबईत नांदायला येण्याचा दावा लावला. १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला, आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. हे सारे वर्तमानपत्रांतून घराघरांत वाचले गेले. आज तो दावा आपल्याला इतका तपशीलवार माहीत आहे तो त्या उघडेपणामुळे. रखमाबाई त्यातून निभावल्या, डॉक्टर झाल्या. पण सगळ्यांच्या वाट्याला ते बळ येत नाही, म्हणून मला कलम २२ बरेच वाटते.

फाइलीत काय सापडते? अर्ज, कैफियत, शपथपत्रे, निशाणी पडलेले पुरावे, पुरसीस, समन्सच्या तामिलीचे अहवाल आणि रोजनामा. नवशिके निकालपत्रावर झडप घालतात, पण खरी कहाणी मला रोजनाम्यात दिसते : कोण हजर, कोण गैरहजर, किती तारखा ‘तडजोडीसाठी’ गेल्या. साक्ष मात्र त्रोटक असू शकते, कारण कौटुंबिक न्यायालये अधिनियमाच्या कलम १५ नुसार साक्षीदाराचे बोलणे सविस्तर उतरवणे बंधनकारक नाही, सारांश पुरतो. आणि विवाह समुपदेशकासमोर जे बोलले जाते, ते गोपनीय. त्याचा पुरावा होत नाही. म्हणजे घरात नेमके काय बिनसले हे ज्या खोलीत सर्वांत मोकळेपणाने सांगितले गेले, तिथला शब्द फाइलीत सापडणार नाही.

काहींच्या हातात कागद असतो, पण न्यायालयाचा नसतो. शंभराच्या स्टँपवर चार पंचांच्या सह्यांनी लिहिलेली फारकत आणि त्यावर नोटरीचा शिक्का. ज्या जातींत काडीमोडीची रूढी आहे, त्यांना हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २९(२) मोकळीक देते. पण रूढी आहे असे जो म्हणतो, त्याने ती सिद्ध करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पुन्हा बजावले. नोटरीच्या शिक्क्याने रूढी सिद्ध होत नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात इथल्या, औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने तलाकबाबत असाच निकाल दिला : ‘मी पूर्वीच तलाक दिला’ असे पोटगीच्या प्रकरणात नुसते कैफियतीत लिहून भागणार नाही, तो दिल्याचे पुराव्याने सिद्ध करावे लागेल. दोन धर्मांतल्या दोन वाटा, आणि दोन्हींवर न्यायालयाने पुरावाच मागितला.

सर्वांत अडचणीत असते ती परित्यक्ता. तिला टाकलेले असते, सोडलेले नसते; म्हणून तिच्याकडे कोणताच निकाल नसतो. संगमनेरहून अ‍ॅड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांचा प्रश्न ऐंशीच्या दशकात लावून धरला, तेव्हापासून सरकारी योजनांच्या भाषेत हा शब्द रुळला. शब्द मिळाला, कागद मिळाला नाही. तिने निदान पोटगीचा अर्ज तरी दाखल करावा असे मला वाटते, कारण त्याच्या पहिल्या रोजनाम्यापासून तिच्या टाकले जाण्याची कुठेतरी नोंद होते.

दाखल करणे तितके अवघड नाही. पोटगीचा अर्ज पत्नी जिथे राहते तिथे करता येतो; घटस्फोटाच्या दाव्यासाठीही नवऱ्याच्या गावी खेटे घालण्याची गरज हिंदू विवाह अधिनियमाच्या २००३ च्या दुरुस्तीने संपली. पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे, राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, परवानगीने मिळतो. स्वतः उभे राहता येते. खरे जड काम नोव्हेंबर २०२० नंतर सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे सविस्तर शपथपत्र द्यावे असे ठरवले. चिकलठाण्याच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्याची पगारपावती आणायची कुठून, हा प्रश्न शपथपत्राच्या नमुन्यात नाही. आदेश झाल्यावरही घड्याळ थांबत नाही : थकलेली पोटगी देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. किती महिने मिळाली, किती थकली, याची वही बाईने स्वतः ठेवलेली बरी.

मराठवाड्याला जुन्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. १९४८ पर्यंत इथला कारभार निजामाचा आणि न्यायालयांची भाषा उर्दू. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली आणि हैदराबादपर्यंत दप्तरे उलगडली गेली. त्या शोधात लोकांना आजोबा-पणजोबांची जात हवी होती. आजीने टाकलेल्या पोटगीच्या दाव्याची मिसल शोधायला फारसे कुणी जात नाही.

ती शोधायला गेले तरी मिळेलच असे नाही. १९१७ च्या अभिलेख नष्ट करण्याच्या कायद्याखाली उच्च न्यायालयाने केलेल्या नियमांनुसार प्रकरणातले कागद वर्गवारीने वेगळे होतात. निकालपत्र आणि हुकूमनामा दीर्घकाळ राहतात, बाकीचे ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, त्यात जुन्या दप्तरांचे स्कॅनिंग आहे. पण आधीच नष्ट झालेल्या कागदाचे स्कॅनिंग होत नसते. पुराव्यात दिलेली मूळ लग्नपत्रिका, फोटो, मुलाचा जन्मदाखला अपिलाची मुदत संपल्यावर परत मागता येतात. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३, नियम ९ खाली अर्ज करायचा असतो, आणि तो एका पानात मावतो.