खसखशीचा दाणा आणि दोन मालगाड्या
बदनापूरजवळच्या एखाद्या मोसंबीच्या बागेत उभे राहा आणि वर बघा. एका एकरावरच्या हवेत नत्र किती असेल? तीस हजार टनांच्या घरात! युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतो २०.७ किलो. म्हणजे चौदा लाख गोण्या! गोणीचे २६६ रुपये ५० पैसे धरा, झाले ३७ कोटींच्या वर. एका एकराच्या डोक्यावर, फुकट! आणि कपाशीला त्यातला कणही घेता येत नाही. म्हणून आपण गोणीसाठी रांगेत.

देशाला वर्षाला युरिया लागतो साडेतीनशे लाख टनांवर. एका रेकमध्ये, म्हणजे एका मालगाडीत, २,६०० टन धरले तरी तेरा हजारांवर मालगाड्या. एकीला एक जोडा, मुंबई-पुणे लोहमार्गाच्या बावीस जाऊन-येऊन फेऱ्या भरतील!

आता थोडक्या नत्रावर जगणारा जीव बघायला स्वयंपाकघरात या. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हातात घ्या. वरून करडं, खालून काळं, कागदासारखं चुरचुरीत. हे फूल नव्हेच, बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. उत्तराखंडच्या थंड जंगलांतल्या बांजच्या झाडांवरूनही ते येतं. मुळं नाहीत, हवा आणि पाऊस देतील ते खायचं.

याचे नाजूक भाऊबंद वर्षाला हेक्टरी नत्र सोसतात तीनएक किलो. एक गोणी सतरा एकरांवर शिंपडा, संपली त्यांची भूक! कोरडवाहू बीटी कपाशीला शिफारस आहे हेक्टरी १२० किलो नत्राची, म्हणजे चाळीसपट. जंगलातल्या झाडांचं पोट दगडफुलाहून मोठं, पण अति नत्राने तिथली माती आम्ल होते, मुळांशी नांदणारी बुरशी हटते.

युरियातून हवेत सुटणाऱ्या अमोनियाचं गणित तर याहून अजब. घनमीटरला एक मायक्रोग्रॅम, ही दगडफुलांच्या कुळाची मर्यादा. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल कोरडी विहीर घ्या. तिच्यातल्या सगळ्या हवेत अमोनिया किती चालेल? खसखशीच्या एका दाण्याच्या वजनाइतका! उघड्या गोणीचा तो डोळ्यांत झोंबणारा वास आठवा.

आणि आता अख्खा जालना जिल्हा घ्या. ७,७१८ चौरस किलोमीटर! कपाशी, मोसंबी, मोंढा, मोती तलाव, पत्र्याची घरं, सगळं धरून. एवढ्या भूभागावर त्या नाजूक जीवांची वर्षाची मर्यादा गाठायला युरिया किती लागेल? दोन रेक. फक्त दोन! देशाच्या सरासरी खपाला तेवढे दोन रेक दीड तासही पुरत नाहीत.