यंत्राचे ठिकाण आणि यंत्राचे वागणे

पत्रावर ४०२३०१ असे लिहिले की ते महाडास येते आणि ४०२३०३ लिहिले की पोलादपुरास जाते. छाननी करणाऱ्याने ही गावे पाहिलेली असण्याची गरज नाही. पहिले तीन आकडे त्याला छाननीचा जिल्हा सांगतात व पुढचे तीन वाटपाचे कार्यालय. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. आजचा आपला विषय याच विचाराचे पुढचे पाऊल होय. ठिकाण कळले की यंत्राने कसे वागावे हेही ठरविता येते.

मागेल त्याला सेवा देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. तो नवा आणला की त्याला पुष्कळ गोष्टी सांगाव्या लागतात : त्याचा पत्ता कोणता, बाहेर जाण्याची वाट कोणती, घड्याळ कोणाशी जुळवावे, आत कोणाला घ्यावे, रात्रीची प्रत कोठे पाठवावी. यंत्रे दोन असली तर जाणता माणूस हे हाताने करील. पन्नास झाली की चुका होणारच. आणि त्या माणसाची बदली झाली की सारे ज्ञान त्याच्याबरोबर जाते.

समजा, एका संस्थेची शाखा महाडात आहे आणि दुसरी पोलादपुरात. पोलादपुरात नवे यंत्र सुरू केले. त्याला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो. म्हणून ते आपल्या जाळ्यात नुसती हाक देते, ‘मला पत्ता द्या.’ ही हाक शाखेबाहेर जात नाही. परंतु वेशीवरचा राउटर ती उचलून मुख्य कचेरीकडे धाडतो आणि तीवर आपला पत्ता लिहितो. त्यावरून तेथील यंत्र ओळखते की विनंती पोलादपूरची आहे, आणि पोलादपूरच्या राखीव पत्त्यांतून एक पत्ता ठराविक मुदतीने देते. या रीतीला डीएचसीपी म्हणतात. ती १९९३ मध्ये प्रथम प्रमाण म्हणून मांडली गेली. तिची पूर्वज बूटपी ही १९८५ ची.

पत्ता मिळाला की दुसरा टप्पा. १९९३ मध्ये ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन ही आज्ञावली रचली. पुढे पपेट, अँसिबल इत्यादी आल्या. येथे ‘हे कर, मग ते कर’ अशी यादी देण्यापेक्षा ‘शेवटी स्थिती अशी असावी’ असे लिहून ठेवण्यावर भर असतो. आज्ञावली यंत्र तपासते आणि उणे असेल तेवढेच भरून काढते. म्हणून ती शंभरदा चालविली तरी बिघाड होऊ नये. काही नियम सर्वांना सारखे, काही महाडच्या पत्त्यांपुरते, काही पोलादपूरच्या.

याचे मोल महाडकरांस निराळे सांगावयास नको. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारी यांचे पाणी शहरात शिरले. पाण्यात गेलेले यंत्र पुन्हा विकत घेता येते. त्याची मांडणी मात्र बाजारात मिळत नाही. नियम लिहिलेले असतील आणि ‘महाडची प्रत महाडाबाहेर’ हा त्यांतलाच एक असेल, तर नवे यंत्र जोडताच ते जुन्याच्या जागी उभे राहू लागते. नियम नसतील, तर कोणाला काय आठवते यावर सारा कारभार.

दोन धोके मात्र ध्यानात ठेवले पाहिजेत. एक, चुकीची आज्ञाही तितक्याच वेगाने सर्वत्र पोहोचते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या जाळ्यावर देखभालीच्या वेळी अशीच एक आज्ञा गेली; ती अडविणाऱ्या तपासणीतही दोष होता, आणि सुमारे सहा तास साऱ्या जगात सेवा बंद राहिली. म्हणून नवा नियम आधी एका यंत्रावर, मग एका शाखेत आणि नंतर सर्वत्र लावावा.

दुसरा धोका सूक्ष्म आहे. ठिकाण म्हणजे ओळख नव्हे. महाड शाखेच्या भिंतीतील खाचेत कोणी परके यंत्र जोडले, तर त्यालाही महाडचाच पत्ता मिळू शकतो. वाड्यात उभा आहे म्हणून कोणी घरचा होत नाही. पत्त्यावरून घड्याळ व वाट द्यावी. तिजोरीची किल्ली देण्यापूर्वी ओळखीचा स्वतंत्र पुरावा मागावा.

आमच्या मते या विद्येचा गाभा यंत्रात नसून लेखनात आहे. एका माणसाच्या डोक्यात असलेले ज्ञान कागदावर यावे, दुसऱ्याने ते वाचून तपासावे आणि केव्हा काय बदलले याची नोंद राहावी. हे जेथे झाले, तेथे यंत्र बुडाले तरी काम बुडत नाही.